स्वतःची गाडी परदेशी नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं काम गाड्यांच्या कागदांचं. गाडी जहाजावर चढते तेव्हा मी धक्क्यावर नसते, फायलीत डोकं घालून बसलेली असते. लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "जहाजाचं भाडं किती?" आणि माझा उलटा प्रश्नही ठरलेला: "गाडी कुठल्या वर्षाची, आणि चाललीय कुठे?" पैसे मोजले की जहाज गाडी नेतंच. पलीकडे ती उतरवून घेतील का, घेतली तर कर किती लावतील आणि रस्त्यावर येऊ देतील का, हे आधी बघायचं. म्हणून भाड्याचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवलाय.

माझी गाडी तो देश घेईल का, हे कशावरून ठरतं?

गाडीचं वय, स्टिअरिंगची बाजू आणि ती कुठल्या मानकांनुसार बनली, या तीन गोष्टींवरून.

वयाचं गणित देशागणिक बदलतं. कुठे जुनी गाडी चालत नाही, तर कुठे जुनीच चालते. सिंगापूर वापरलेली गाडी साधारणपणे तीन वर्षांच्या आतलीच घेतं. केनियात मर्यादा आठ वर्षांची. भारतात वापरलेली गाडी आणायची तर तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. अमेरिकेचं बरोबर उलटं. तिथल्या सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडी २५ वर्षांची झाली की त्या मानकांतून सुटते. धुराच्या नियमांतून २१ वर्षांनी सुटते, पण इंजिन मूळच्या रूपात असावं लागतं. कॅनडात सुरक्षा मानकांसाठी हाच आकडा १५ आहे. अमेरिकेत वय उत्पादनाच्या महिन्यापासून मोजतात, पहिल्या नोंदणीपासून नाही. तेव्हा गाडी चोवीस वर्षं दहा महिन्यांची असेल तर दोन महिने कळ काढा.

स्टिअरिंगच्या बाबतीत ब्रिटन आणि जपान दोन्ही बाजू चालवून घेतात. केनिया डाव्या स्टिअरिंगची गाडी घेत नाही, सौदी अरेबिया उजव्या स्टिअरिंगची घेत नाही. न्यूझीलंडमध्ये वीस वर्षांहून नव्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला खास परवाना लागतो.

ऑस्ट्रेलियाचं वेगळं सांगते, कारण तिथे लोक हमखास फसतात. तिथे आयात मंजुरी गाडी निघण्याआधी हातात हवी. स्वतःची गाडी म्हणून मंजुरी मागायची तर ती परदेशात किमान बारा महिने तुमच्या मालकीची आणि वापरात असावी लागते. "आधी पाठवून देऊ, अर्ज मागाहून करू" म्हणणाऱ्यांची गाडी बंदरात अडकते, भाड्याचा मीटर चालू राहतो आणि शेवटी गाडी परत पाठवायची वेळ येते.

पण हेच मॉडेल तिकडच्या शोरूममध्ये विकतात. मग मानकांचा प्रश्न कुठे येतो?

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या कडेला किंवा दार जिथे बसतं त्या खांबावर एक स्टिकर दिसेल. अमेरिकेसाठी बनलेल्या गाडीच्या स्टिकरवर ती तिथल्या संघीय सुरक्षा मानकांनुसार असल्याचं वाक्य छापलेलं असतं. तेच मॉडेल, तोच रंग, पण युरोपसाठी बनलेलं असेल तर ते वाक्य नसतं, आणि मग कस्टम्सच्या लेखी ती दुसरीच गाडी. हेडलाइट, बंपर, सीटबेल्ट, एअरबॅग यांत नजरेला न दिसणारे फरक असतात. अशी पंचवीस वर्षांच्या आतली गाडी अमेरिकेत कायमची न्यायची तर तिथल्या मान्यताप्राप्त आयातदाराकडून ती बदलून घ्यावी लागते. बऱ्याचदा हा खर्च गाडीच्या किमतीवर जातो, आणि प्रत्येक मॉडेल बदलायला परवानगी असतेच असं नाही.

युरोपात नोंदणीसाठी निर्मात्याचं अनुरूपतेचं प्रमाणपत्र, म्हणजे गाडी तिथल्या मानकांनुसार बनल्याचा कागद, मागतात. चासी नंबर कळवला की कंपनी ते देते किंवा "या गाडीला मिळणार नाही" असं सांगते. दोन्ही उत्तरं उपयोगाची आहेत, म्हणून हे पत्र सगळ्यात आधी पाठवा.

आम्ही कायमचं घर हलवतोय. मग आयातीची ड्युटी माफ होते ना?

काही देशांत होते, अटींवर. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ढाचा साधारण एकच आहे: तुम्ही बाहेर किमान बारा महिने राहिलेले असावेत, गाडी किमान सहा महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली असावी, आणि आणल्यावर बारा महिने ती विकायची नाही. युरोपच्या नियमात विकणंच काय, गाडी भाड्याने देणं, तारण ठेवणं किंवा कुणाला वापरायला देणंही त्या बारा महिन्यांत बसत नाही. ब्रिटनमध्ये सवलतीसाठी आधी अर्ज करायचा असतो, आणि गाडी आल्यावर चौदा दिवसांत कर खात्याला कळवायचं असतं. ते कळवल्याशिवाय नंबरप्लेट मिळत नाही.

ऑस्ट्रेलियात घरसामानाला मिळणारी सूट गाडीला लागू नाही. कपाट माफ, गाडी नाही.

निघायच्या तोंडावर नवीकोरी गाडी घेऊन "घरसामान" म्हणून न्यायचा बेत अनेक जण करतात. सहा महिन्यांची अट नेमकी त्यासाठीच घातलेली आहे.

ड्युटी नेमकी कशावर मोजतात? दहा टक्के आणि वीस टक्के, म्हणजे तीस टक्के ना?

नाही. बहुतेक देश गाडीची किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर ड्युटी लावतात. मग ड्युटी धरून जी रक्कम होते, तिच्यावर पुढचा कर. समजा गाडी १०,००० ची, भाडं १,५०० आणि विमा १५०. चलन कुठलंही घ्या. बेरीज ११,६५०. दहा टक्के ड्युटी १,१६५. आता १२,८१५ वर वीस टक्के मूल्यवर्धित कर, म्हणजे २,५६३. एकूण ३,७२८. गाडीच्या किमतीच्या सदतीस टक्क्यांहून जास्त! हे दर मनाचे नाहीत. ब्रिटनमध्ये बाहेरून येणाऱ्या मोटारीला मूळ दर हेच आहेत. युरोपीय संघाची ड्युटीही दहा टक्के, पण मूल्यवर्धित कर लक्झेंबर्गमध्ये १७ टक्के तर हंगेरीत २७. म्हणजे एकाच जहाजातून आलेल्या दोन सारख्या गाड्यांना वेगवेगळं बिल येऊ शकतं.

अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया समुद्राचं भाडं ड्युटीच्या हिशेबात धरत नाहीत. ऑस्ट्रेलियात ड्युटी ५ टक्के, वस्तू-सेवा कर १० टक्के आणि ठरावीक किमतीच्या वरच्या भागावर ३३ टक्के आलिशान गाडीचा कर. जपानमध्ये मोटारीवर ड्युटी शून्य आहे, पण उपभोग कर लागतोच. अमेरिकेचा मूळ दर मोटारीला २.५ टक्के आणि पिकअपला १९६४ पासून २५ टक्के. त्यावर २०२५ मध्ये जादा शुल्क बसलं आणि गाडी कुठल्या देशात बनली त्यानुसार ते बदलत गेलं. तिथला दर गाडी निघते त्या आठवड्यातलाच धरा. सहा महिन्यांपूर्वी मेव्हण्याने सांगितलेला दर चालत नाही.

किंमत कमी दाखवायचा मोह टाळा. अधिकाऱ्यांकडे जुन्या गाड्यांच्या किमतीचे तक्ते असतात. तुमचं बिल त्यांना पटलं नाही तर ते बाजूला सारून ते स्वतःचा आकडा लावतात.

रो-रो बरं की कंटेनर?

रो-रो म्हणजे तरंगणारं बहुमजली पार्किंग. धक्क्यावरचा ड्रायव्हर गाडी उतारावरून चालवत आत नेतो, पट्ट्यांनी जखडतो आणि पुढच्या गाडीसाठी परत येतो. साधी, चालू स्थितीतली, रिकामी गाडी असेल तर मी डोळे झाकून रो-रो सुचवते, कारण ते बहुधा स्वस्त पडतं. मात्र गाडीत सामान ठेवू देत नाहीत, आणि गाडी स्वतः सुरू होऊन ब्रेक लागले पाहिजेत. बंद गाडी ओढून न्यायची तर वेगळे पैसे.

कंटेनरमध्ये गाडी एकटी, कुलूपबंद. वीस फुटी कंटेनरची आतली लांबी साधारण ५.९ मीटर, रुंदी २.३५ मीटर, दाराची उंची जेमतेम २.२८. गाडी १.८५ मीटर रुंद असेल तर दोन्ही बाजूंना पंचवीस सेंटिमीटर उरतात. एवढ्या फटीत दार उघडत नाही. मग गाडी आत घेतलेला माणूस खिडकीतून आधी पाय, मग कंबर, मग डोकं असा बाहेर सरकतो. कमरेच्या पट्ट्याचं बकल दारावर घासू नये म्हणून जाणते लोक पट्टाच काढून ठेवतात. पुढे चाकांना लाकडी ठोकळे खिळ्यांनी ठोकायचे आणि चारही बाजूंनी पट्टे ताणायचे. हे काम घाईत झालं तर खवळलेल्या समुद्रात गाडी आतल्या आत पुढे-मागे आपटते. म्हणून दार बंद होण्याआधीचे फोटो मागून घ्या, ठोकळ्यांसकट.

चाळीस फुटी कंटेनर इतरांबरोबर वाटून घेतला तर भाडं कमी होतं, पण तो भरेपर्यंत थांबावं लागतं. शिवाय वाटेकऱ्यांपैकी एकाचे कागद अडले की सगळ्यांच्याच गाड्या आत अडकून पडतात. विमानाने गाडी जाते, हो. ते ज्यांना परवडतं ते मला विचारत नाहीत.

बरं, आता तरी सांगा. भाडं किती?

आकडा मार्ग, मोसम आणि इंधनावर हलतो, पण मोजतात कसं ते सांगते. रो-रोत बरेचदा घनमीटरवर. ४.५ मीटर लांब, १.८ रुंद, १.५ उंच गाडी म्हणजे १२.१५ घनमीटर. टपावरचा कॅरियर राहू दिला आणि उंची १.७ झाली, तर १३.७७. चार नट सोडवायचा कंटाळा केल्याबद्दल दीड घनमीटरहून जास्त हवेचं भाडं.

कोटेशन हातात आलं की एकच विचारा: यात काय *नाही*? जहाजाच्या भाड्याखेरीज दोन्हीकडची बंदर हाताळणी, इंधन अधिभार, कागदांचे पैसे, क्लिअरिंग एजंटची फी, तपासणी, धुलाई किंवा धुरी आणि बंदरापासून घरापर्यंतची वाहतूक असतेच. पलीकडच्या बंदरातले आकार स्वस्त कोटेशनमध्ये हटकून गायब असतात. ते तुम्हाला गाडी सोडवताना कळतात, आणि तेव्हा घासाघीस करायची जागा उरलेली नसते.

मोफत दिवस किती, हेही लिहून घ्या. ते संपले की बंदर जागेचं भाडं लावतं आणि कंपनी कंटेनर अडवल्याचं. ही दोन वेगळी बिलं आहेत आणि दोन्ही दिवसागणिक चढतात.

कागद कोणते लागतात?

आरसी, खरेदीचं बिल, पासपोर्ट, मालकी किती दिवसांची आहे याचा पुरावा, निघत्या देशातली नोंदणी निर्यातीसाठी रद्द केल्याचा कागद, बिल ऑफ लेडिंग (माल ताब्यात घेतल्याची जहाज कंपनीची पावती) आणि पोचत्या देशाचे अर्ज. कर्ज असेल तर बँकेचं लेखी ना-हरकत पत्र. बँकेचा बोजा असलेली गाडी गुपचूप परदेशी पाठवणं फार महागात पडतं. अमेरिकेतून गाडी बाहेर काढायची तर निर्यातीच्या ७२ तास आधी गाडीचे मालकीचे कागद कस्टम्ससमोर आलेच पाहिजेत.

यादी कुणीही देईल. घोळ यादीत होत नाही, नावांत आणि नंबरांत होतो. एका कुटुंबाची गाडी पत्नीच्या नावे होती आणि बिल ऑफ लेडिंग पतीच्या. दोघं शेजारी शेजारी उभे असूनही अधिकारपत्र आणा, साक्षांकित करून आणा, असं करत अकरा दिवस गेले.

दुसरा घोळ माझ्याच हातचा. चासी नंबर टाइप करताना मी शून्याच्या जागी इंग्रजी ओ मारला. सतरा अक्षरांच्या त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, आकड्यांशी गल्लत होऊ नये म्हणूनच. हे मला माहीत होतं, तरी झालं. दुरुस्तीचं बिल मी भरलं. तेव्हापासून नंबर मी बोट ठेवून, मोठ्याने आणि उलट्या बाजूने वाचते.

गाडी एवढी घासूनपुसून का पाठवायची? प्रवासात धूळ बसणारच की.

त्यांना धुळीची नाही, माती, बिया आणि किड्यांची भीती असते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबतीत अजिबात ऐकत नाहीत. तपासनीस टॉर्च घेऊन चाकांच्या कमानीत, रेडिएटरच्या जाळीत, वायपरखालच्या खाचेत आणि स्टेपनीच्या खड्ड्यात बघतो. माझ्याकडची एक गाडी बाहेरून आरशासारखी होती. पण पुढची सीट मागे सरकवल्यावर तिच्या रुळात गवताची दहा-बारा कुसळं निघाली. पुन्हा धुलाई, पुन्हा तपासणी, दोन्हीचे पैसे मालकाचे.

त्यात तपकिरी ढेकण्याचा मोसम. हा किडा गाडीच्या फटींत थंडी काढतो. म्हणून ठरावीक देशांतून १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात ऑस्ट्रेलियाला निघणाऱ्या गाड्यांना उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया करावी लागते. शक्य असेल तर मे ते ऑगस्टमध्ये पाठवा. जुन्या गाडीचे ब्रेक पॅड आणि गॅस्केटही बघून घ्या. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीपासून त्यावर संपूर्ण बंदी आहे.

विमा खरंच हवा का? जहाज कंपनी जबाबदार नसते का?

असते, पण मर्यादेपुरती. अनेक देशांत लागू असलेल्या सागरी मालवाहतुकीच्या हेग-व्हिस्बी नियमांत ती किलोमागे दोन एसडीआर आहे. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. म्हणजे १,५०० किलोच्या गाडीला ३,००० एसडीआर, मग गाडी कितीही महाग असो. अमेरिकेच्या कायद्यात मर्यादा एका नगाला ५०० डॉलर. पाचशे!

फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे ४,००० गाड्या घेऊन निघालेल्या फेलिसिटी एस जहाजाला अझोर्स बेटांजवळ आग लागली आणि १ मार्चला ते बुडालं. जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ ३,७०० हून अधिक गाड्यांचं फ्रीमँटल हायवे हे जहाज पेटलं. अशा गोष्टी रोज होत नाहीत. पण तुमच्या गाडीला ओरखडाही न येता तुम्हाला बिल येऊ शकतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. जहाज वाचवण्यासाठी झालेला खर्च त्यावरच्या सगळ्या मालमालकांत वाटला जातो. याला जनरल अ‍ॅव्हरेज म्हणतात. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन जहाजाच्या मालकाने हेच जाहीर केलं होतं. हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते, नसेल तर तुम्ही.

सर्वांत स्वस्त पॉलिसी बहुधा फक्त "संपूर्ण नुकसान" भरून देते. ओरखडे, पोचे, फुटलेली काच त्यात नाही. आणि गाडी ताब्यात घेताना पावतीवर नुकसान लिहून घेतलं नाही, तर दावा लंगडा होतो.

गाडी इलेक्ट्रिक असेल तर?

सागरी धोकादायक मालाच्या नियमांत लिथियम-आयन बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना यूएन ३५५६ हा स्वतंत्र क्रमांक आहे आणि २०२६ च्या सुरुवातीपासून तो बंधनकारक झाला. बॅटरी किती भरलेली चालेल हे प्रत्येक जहाज कंपनी ठरवते. पूर्ण भरून पाठवू नका. अपघातात बॅटरीला धक्का लागलेली गाडी बहुतेक कंपन्या नाकारतात. पोचल्यावरचा प्रश्न प्लगचा. चार्जिंगची खोबण जगभर एक नाही, आणि अडॅप्टरने प्रत्येक वेळी काम भागत नाही.

पेट्रोल-डिझेलच्या गाडीत टाकी पाव किंवा त्याहून कमी ठेवायची, एवढंच.

फक्त काही महिन्यांसाठी न्यायची आहे. तरी ड्युटी भरायची?

सहसा नाही. युरोपीय संघात बाहेरच्या रहिवाशाला स्वतःची गाडी सहा महिने ड्युटीशिवाय वापरता येते. अमेरिकेत परदेशी रहिवाशाला एक वर्ष मिळतं, पण गाडी तिथे विकता येत नाही, परत न्यावीच लागते. आशिया-आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत कार्ने द पासाज लागतो. तो गाडीचा पासपोर्टच समजा, एक वर्ष चालणारा. त्यासाठी मोटार क्लबकडे अनामत किंवा बँक हमी ठेवावी लागते. प्रत्येक सीमेवर आत जातानाचा आणि बाहेर पडतानाचा शिक्का घ्या. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तर त्या देशाच्या लेखी गाडी अजून तिथेच असते आणि ड्युटीचं बिल तुमच्या हमीतून वसूल होतं.

पोचल्यावर गाडीत काय बदलावं लागतं?

रस्त्याची बाजू बदलली की हेडलाइट. खालच्या झोताचा तिरपा भाग समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मैलांचा स्पीडोमीटर, मागचा धुक्याचा दिवा, इंडिकेटरचा रंग हे त्यानंतर. रेडिओची कुणी कल्पनाच केलेली नसते: जपानची एफएम पट्टी ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन ९५ ला संपते, त्यामुळे तिथल्या बऱ्याच गाड्यांत इतर देशांतली वरची स्टेशनं लागतच नाहीत.

मग न्यावी की विकावी?

विचारलंत म्हणून सांगते, माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाऊन: चार-पाच वर्षांची साधी गाडी बहुतेक वेळा विकावी. भाडं, कर, बदल आणि नोंदणी यांची बेरीज करा आणि तेवढ्यात तिकडे काय मिळतं ते बघा. ड्युटीमाफी मिळत असेल, गाडी त्याच मानकांची असेल किंवा ती वडिलांच्या हातची असेल, तर न्या. शेवटच्या कारणाला हिशेब लागत नाही.

दोन्ही किल्ल्या द्यायच्या का?

एकच. दुसरी तुमच्या हातातल्या बॅगेत, जहाजाने जाणाऱ्या सामानात नाही. आणि दिलेल्या किल्लीच्या जुडग्यातून घराच्या किल्ल्या काढून घ्या. दर महिन्याला कुणीतरी विसरतंच.